आधी खोड, मग ट्रे

बोन्साय करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी ट्रे विकत आणतात. निळ्या किंवा हिरव्या झिलईचा, उथळ, चार पायांचा. मग त्यात मावेल असं रोप शोधत फिरतात. पेन्सिलीएवढ्या खोडाचं फायकस, म्हणजे वड-पिंपळाच्या घराण्यातलं रोप, त्या ट्रेमध्ये लागतं आणि पुढची कितीतरी वर्षं पेन्सिलीएवढंच राहतं. मेलं नाही, एवढंच. बडोद्यात माझ्या ओळखीच्या बऱ्याच गॅलऱ्यांत असं एकेक रोप आहे, आणि त्यांचे मालक मला विचारतात, "तुमच्याकडचं एवढं म्हातारं कसं दिसतं हो?" उत्तर एकच आहे आणि ते कोणाला आवडत नाही. माझं झाड ट्रेमध्ये गेलं ते सगळ्यात शेवटी.

हे शहाणपण माझं नव्हे. आजवा रोडवरच्या एका नर्सरीत एक म्हातारे माळीकाका बसतात. उभं आयुष्य अलकापुरीतल्या बंगल्यांच्या बागा सांभाळण्यात गेलं, आता गुडघ्यांनी असहकार पुकारलाय म्हणून बसून कलमं बांधतात. मी कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालो तेव्हा हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांच्याकडे ट्रेची किंमत विचारायला गेलो होतो. त्यांनी ट्रे दिलाच नाही. म्हणाले, "साहेब, पहेलां थड, पछी कूंडुं." आधी खोड भरू द्या, कुंडीचं मग बघू. मी जरा चुळबुळ केली तशी वर, "उतावळे आंबा न पाके."

कारण सरळ आहे. खोड जाड होतं ते वरच्या पानांच्या जिवावर. फांद्या जितक्या मोकळ्या सुटतील, पानं जितकी जास्त येतील, तितकं खोड भरतं. उथळ ट्रेमध्ये मुळांना पसरायला जागा नाही, म्हणून फांद्यांना जोर नाही, म्हणून खोड आहे तिथेच. बोन्साय म्हणजे झाडाला वाढू न देणं असा जो समज आहे, त्यानं नवशिक्याची पहिली काही वर्षं फुकट जातात. आधी भरपूर वाढवायचं, मग कापायचं, मग पुन्हा वाढवायचं. ट्रे येतो तो बारीक नक्षीकाम करायच्या वेळेला.

रोप विकत आणायची गरज मला पडली नाही. आमचं घर दांडिया बाजारात आतल्या बाजूला, जुन्या विटा-चुन्याचं. दर पावसाळ्यात गच्चीच्या कठड्यातून वड आणि पिंपळ फुटतात. बुलबुल, कोकिळा, साळुंक्या फळं खातात, बी कठड्यावर पडतं, सांध्यात ओल असते, झालं काम. गवंड्याला सांगितलं तर तो वड काढून देतो, पिंपळाला हात लावत नाही. माझी आई नव्वदीला टेकलेली. मी पिंपळ काढून कुंडीत लावतोय हे कळल्यावर तिचा पहिला प्रश्न, "अरे, मुंजाला घरात कशाला आणतोस?" मी म्हटलं, "एवढ्याशा झाडावर तो बसणार कुठे?" त्यावर ती म्हणाली, "आज एवढंसं आहे." माझा सगळा बेत तिनं तीन शब्दांत सांगून टाकला.

भिंतीतलं रोप काढायचं तर पाऊस सलग पडून भिंत आतपर्यंत भिजलेली हवी. हातानं हिसडा मारला की मूळ आत तुटतं आणि हातात नुसती काडी येते. मी हॅक्सॉचं जुनं पातं आणि चपटा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो आणि रोपाच्या भोवतीचा चुना खरवडत जातो. ओला चुना सुटतो. सिमेंटनं डागडुजी केलेली असेल तिथे मात्र नाद सोडावा. विटांच्या सांध्यात वाढलेली मुळं गोल नसतात. दोन विटांच्या मध्ये दबून ती चपटी होतात आणि आडवी पसरतात. बोन्सायला नेमकी अशीच मुळं लागतात, म्हणून ती शाबूत काढायला अर्धी सकाळ गेली तरी चालेल. रोप सुटलं की सगळीकडून पांढरा चीक गळायला लागतो. मुळं ओल्या फडक्यात गुंडाळायची, चीक थांबू द्यायचा, निम्मी पानं कापायची आणि त्याच दिवशी लावून टाकायचं. वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ही एका घराण्यातली झाडं, मुळं बरीच तुटली तरी पावसाळी हवेत पुन्हा धरतात. नवशिक्यानं यांच्यापासून सुरुवात करावी ती एवढ्यासाठी.

फुकटच्या मालाची आणखी एक जागा म्हणजे वटपौर्णिमेची दुसरी सकाळ. आदल्या दिवशी खंडेराव मार्केटाबाहेर वडाच्या फांद्यांचे ढीग विकायला असतात. दुसऱ्या दिवशी त्या फांद्या कचऱ्यात. हे दिवस ज्येष्ठातले, पाऊस दारात आलेला, म्हणजे वडाची फांदी रुजायला याहून चांगला मुहूर्त नाही. मी त्यातल्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या, साल अजून हिरवी असलेल्या फांद्या उचलतो, खालचं टोक नव्यानं तिरकं कापतो, चीक धुऊन काढतो, शेंड्याचं एखादं पान ठेवून बाकीची काढतो आणि वाळूत रोवतो. बऱ्याच वाळतात, काही धरतात. रस्त्याच्या कडेचे वड लावायला पूर्वी चांगल्या मनगटाएवढ्या जाड फांद्या रोवत, त्या मानानं आपलं काम किरकोळ.

आता झाडाची निवड. इथे मी माळीकाकांशी वाद घालतो. त्यांना पिंपळ आवडतो. मला वाटतं, नवशिक्यानं पिंपळ हौस म्हणून ठेवावा, भरवसा नांदरुकावर ठेवावा. पिंपळाचं पान मोठं, देठ लांब. कितीही छाटलं तरी ते एका मर्यादेपलीकडे लहान होत नाही, म्हणून झाडच मोठं ठेवावं लागतं, नाहीतर छोट्या खोडावर मोठी पानं लटकतात आणि रोप कुंडीतलं रोपच दिसतं. नांदरुकाचं पान मुळात अंगठ्याच्या पेराएवढं, चकचकीत, आणि जुन्या फांदीवरही डोळे फुटतात. त्याचा दोष एकच. पानं मधोमध दुमडतात आणि उघडून बघितलं तर आत काळे बारीक किडे. ती पानं खुडून टाकायची आणि कडुनिंबाचं तेल पाण्यात, थोडा साबण घालून फवारायचं. बोगनवेल चांगली, पण पाणी साचलेलं तिला अजिबात खपत नाही. विलायती चिंच, जिला इथे गोरस आंबली म्हणतात, काटेरी आणि चिवट आहे, उन्हात हसत उभी राहते. साधी चिंच सावकाश वाढते, पण तिची बारीक पानं म्हणजे निसर्गानंच बोन्सायसाठी करून दिलेली सोय. ज्यांच्याकडे फक्त गॅलरी आहे त्यांनी जेड लावावं. फांदी तोडायची, काही दिवस सावलीत पडू द्यायची म्हणजे जखम सुकते, मग लावायची, आणि पाण्याच्या बाबतीत कंजूष राहायचं. अडेनियमचा फुगलेला बुंधा उघडा करून ठेवला की लोक त्याला बोन्साय म्हणतात. म्हणोत.

जमिनीत वाढवायला आमच्याकडे जागा नव्हती. ताईच्या घरामागे होती, बडोद्यातच, अकोटा भागात. तिच्या पेरूच्या पलीकडचा पट्टा मी मागून घेतला. माळीकाकांनी सांगितलेली युक्ती अशी: खड्ड्यात रोपाच्या थेट खाली एक सपाट फरशी ठेवायची. सोटमूळ आधीच कापलेलं असतं. उरलेली मुळं फरशीवर चारी बाजूंना पसरून ठेवायची, वर माती लोटायची. मुळांना खाली जायला वाट मिळत नाही, म्हणून ती आडवी पसरतात. पुढे झाड उचललं की बुंध्यापासून सगळीकडे फाकलेली मुळं मिळतात आणि झाड जमिनीला धरून उभं राहिल्यासारखं दिसतं. म्हातारपण खोडाच्या जाडीत असतं तितकंच या बुंध्यात असतं. जपान्यांनी त्याला वेगळं नाव दिलंय, नेबारी म्हणतात.

पहिले दोन पावसाळे मी कात्री लावली नाही. फांद्या कुंपणावरून पलीकडे गेल्या, ताईच्या शेजाऱ्यांनी कुरकुर केली, ताईनं मला फोन केला. मी म्हटलं, "ताई, ती खालची फांदी अजिबात तोडायची नाही, तिच्यामुळेच बुंधा फुगतोय." खोडाच्या अगदी खालच्या भागातून निघालेली फांदी मुद्दाम मोकाट सोडायची, तिनं आपलं काम केलं की कापून टाकायची. शेवटी जाणारच असलेल्या त्या फांदीची सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते, हे ताईला शेवटपर्यंत पटलं नाही.

थंडी सरून फेब्रुवारी संपत आला की मोठी काटछाट. माझ्याहून उंच गेलेला वड मी वीतभर ठेवून वरून करवतीनं कापला तेव्हा ताई दारात उभी होती. "इतका वाढवलास तो यासाठी?" यासाठीच. काप तिरका घ्यायचा, आणि जिथे हवा त्याच्या बोटभर वर, कारण फायकसचं खोड कापाखाली थोडं वाळत येतं. चीक ओल्या फडक्यानं पुसत राहायचं, थांबल्यावर बुरशीनाशकाची पेस्ट लावायची. ऊन तापायला लागलेलं असतं, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत खोडावर डोळे फुगतात. भराभर कोंब येतात. त्यातला एक, कापाच्या वरच्या कडेजवळचा, नवा शेंडा म्हणून ठेवायचा. तो खोडापेक्षा बारीक असतो, आणि तो खोडाच्या एक तृतीयांश-निम्म्या जाडीचा झाला की त्यालाही कापायचं. असं करत करत खाली रुंद, वर निमुळतं खोड तयार होतं. नर्सरीतलं सरळसोट, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचं रोप दहा वर्षं ट्रेमध्ये ठेवलं तरी ही निमुळती चाल त्याला येत नाही.

२०२४च्या ऑगस्टअखेर बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्रीला पूर आला तेव्हा माझी झाडं अजून ताईच्या अंगणातच होती. नदी धोक्याच्या खुणेच्या फार वर गेली, अकोट्यात गल्ल्यांमधून पाणी शिरलं. ताईची मंडळी वरच्या मजल्यावर, वीज नाही, आणि त्या दिवसांत शहरात जागोजागी मगरी दिसत होत्या, तेव्हा तिला माझ्या झाडांची चौकशी करणं म्हणजे शिव्या खाणं होतं. पाणी ओसरल्यावर गेलो. सगळीकडे गुळगुळीत करडा गाळ. बोगनवेलीचं खोड वरून ठीक दिसत होतं, नखानं साल खरवडली तर आत तपकिरी, वास मारणारं. गेली. वड आणि नांदरूक मात्र काही घडलंच नाही अशा थाटात उभे. उलट पुढच्या काही दिवसांत वडाच्या खोडावर, जिथवर गाळ चिकटला होता तिथवर, पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळं फुटली. पाटबंधारे खात्यालाही जमणार नाही इतकी चोख पाण्याची खूण. मी तो गाळ धुतला नाही, नुसता वरून ओला ठेवला, आणि त्यातली काही मुळं जमिनीत पोचली.

तार बांधायचं काम मला येणार हे मी गृहीत धरलं होतं, टूलरूमवाला माणूस मी. बऱ्यापैकी आलंही. बाजारात बोन्सायची म्हणून तपकिरी रंगाची अ‍ॅल्युमिनियमची तार मिळते ती महाग. भंगारवाल्याकडे जुन्या सर्व्हिस केबलचे, म्हणजे खांबावरून घरात वीज आणणाऱ्या तारेचे, तुकडे असतात, वरचं प्लॅस्टिक काढलं की आत तीच तार. जाडीचा हिशेब साधा आहे: तार फांदीच्या एक तृतीयांश. मी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावून मोजतो, तुम्ही नुसत्या नजरेनं बघा. तार आधी खोडाला एक-दीड वेढा घालून पक्की करायची, मग फांदीवर ४५ अंशाच्या कलानं, वेढ्यांत सारखं अंतर ठेवून गुंडाळत जायची. जमलं तर एकाच तारेनं शेजारच्या दोन फांद्या. वाकवताना वेढा बाकाच्या बाहेरच्या अंगाला आला पाहिजे, कारण ताण तिथे पडतो आणि साल तिथेच फाटते. आदल्या दिवशी पाणी जरा कमी दिलं तर फांदी लवचीक राहते. दोन्ही अंगठे आतून टेकवायचे आणि एका दमात न वाकवता थोडं, मग थोडं. आतून बारीक 'कट्' ऐकू आलं की तिथेच थांबायचं, तेवढ्यानं फांदी मरत नाही. त्यापुढे गेलात तर हातात येते.

पावसाळ्यात तार बांधली असेल तर दर आठवड्याला बघावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये फायकस इतक्या झपाट्यानं भरतं की महिन्या-दीड महिन्यात तार सालीत रुतायला लागते, आणि रुतलेल्या तारेची नागमोडी खूण वर्षानुवर्षं जात नाही. काढताना उलटी गुंडाळून काढायची नाही. दोन रुपयांची तार वाचवायला जाल आणि फांदी मोडाल. प्रत्येक वेढ्यावर कटर मारून तुकडे पाडायचे.

हत्यारांवर लोक उगाच खर्च करतात. चांगली सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), तारेचा कटर, बांबूची टोकदार काडी आणि चाळण्या, एवढ्यात भागतं. फांदी खोडाला लागून खोलगट कापणारा जो कटर असतो तो मात्र असावा, कारण त्याची जखम भरून सपाट होते, गाठ उरत नाही. मी सुताराची खिळे उपटायची पकड ग्राइंडरवर घासून तो घरीच केला.

आता मातीविषयी, कारण बडोद्यात घोडं इथे अडतं. आपली काळी माती शेताला सोनं, ट्रेमध्ये विष. पावसात फुगून चिकट होते, उन्हाळ्यात आक्रसून कडेनं भेग पडते आणि पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं, मुळं कोरडीच. मी वापरतो ते मिश्रण असं: विटेचा चुरा दोन भाग, जुनं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, जाड वाळू एक भाग. वीट नवी फोडायची. जुन्या घराच्या विटांना चुना लागलेला असतो, तो नको. चुरा आधी गवंड्याच्या चाळणीतून, मग बारीक चाळणीतून काढायचा. साधारण २ ते ५ मिलिमीटरचे खडे ठेवायचे आणि खालची पूड टाकून द्यायची. टाकून द्यायची म्हणजे खरंच टाकून द्यायची, 'असू दे थोडी' म्हणून मिसळलेली पूड तळाशी बसून चिखल करते. भरलेल्या ट्रेवर तांब्याभर पाणी ओतावं. वर तळं साचलं तर मिश्रण चुकलं, लगेच खालून धार लागली तर जमलं.

ट्रेमध्ये जायचा दिवस मी पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर धरतो. झाड उपटलं, फरशी निघाली, आणि मुळांची आडवी चकती हातात आली. तो क्षण खरा बक्षिसाचा. सगळ्यात जाड, खाली वळलेली मुळं कापायची, बारीक ठेवायची, कारण पाणी तीच पितात. जेवढी मुळं कमी केली तेवढी पानंही कमी करायची. ट्रेची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी. थानगढकडून येणारे चिनी मातीचे ट्रे चांगले टिकतात. भोकांवर जाळी, त्यातून तार वर काढून झाड ट्रेला बांधून टाकायचं, नाहीतर वाऱ्यानं हलून नवी मुळं तुटतात. झाड बरोबर मध्यभागी कधी नाही, थोडं बाजूला. मिश्रण टाकून बांबूच्या काडीनं मुळांच्या मध्ये ढोसत राहायचं, पोकळी राहिली की तिथलं मूळ सुकतं. मग दोन आठवडे सावली, महिनाभर खत नाही. हे काम दर दोनेक वर्षांनी पुन्हा करावं लागतं.

फांद्यांच्या मांडणीचे जपानी नियम पुस्तकी असले तरी शिकून घ्यावेत. पहिली फांदी उंचीच्या एक तृतीयांशावर, दुसरी समोरच्या बाजूला थोडी वर, तिसरी मागे म्हणजे झाडाला खोली येते. बाकावरची फांदी बाकाच्या बाहेरच्या अंगातून निघावी, एकमेकींना छेदणाऱ्या काढाव्यात. पण हे नियम पाइनच्या झाडाकडे बघून केलेले आहेत. वडाचा त्रिकोण केला की तो वड राहत नाही. रविवारी सकाळी मी कमाटी बागेत जातो, सयाजीरावांच्या काळात, १८७९ साली झालेली बाग. तिथल्या जुन्या झाडांखाली उभं राहून बघावं: रुंदी उंचीपेक्षा जास्त, फांद्या आडव्या, आणि खाली पारंब्यांचे खांब. भरुचजवळ नर्मदेतल्या बेटावर कबीरवड आहे. तिथे मूळ खोड कोणतं आणि पारंबी कोणती हेच कळत नाही. तो बघून आल्यावर मी माझ्या वडाची वरची अर्धी रचना काढून टाकली आणि त्याला आडवं जाऊ दिलं.

पारंबी ट्रेमधल्या झाडालाही आणता येते. तिला दमट हवा लागते, म्हणून पावसाळ्यातच प्रयत्न करायचा. फांदीच्या खालच्या बाजूला फुटलेलं कोवळं मूळ सरबताच्या नळीत घालायचं, नळीत ओलं शेवाळ भरायचं, नळीचं दुसरं टोक मातीत. मूळ नळीतून उतरतं, मातीत शिरतं आणि मग जाड व्हायला लागतं. नळी चिरून काढली की मध्ये खांब. फांदी कुठे कापायची हे आपण ठरवतो, पारंबी कुठे येणार हे तो वड ठरवतो, आपण फक्त नळी धरायची.

पानं लहान करायची असतील तर शेंड्याला सहा-आठ पानं येऊ द्यायची आणि दोन ठेवून कापायचं. पावसाळ्याच्या सुरुवातीला, झाड जोरात असेल तर, सगळी पानं देठ ठेवून कापता येतात. तीनेक आठवड्यांत नवी येतात ती आधीपेक्षा लहान. अशक्त किंवा नुकत्याच ट्रेमध्ये गेलेल्या झाडावर हा प्रयोग करू नये.

वटपौर्णिमेला आमच्या गच्चीवर गर्दी असते. मोठ्या कुंडीतला वड बायकोनं स्टुलावर ठेवला, शेजारच्या वहिनी आल्या, त्यांच्या जावा आल्या. ट्रॅफिकमधून मोठ्या वडापर्यंत जायला नको म्हणून सगळ्या खूष. प्रत्येकीनं सात फेरे सूत गुंडाळलं. संध्याकाळपर्यंत खोड दिसेना, आणि एक पातळ फांदी सुतात आवळून खाली झुकलेली. रात्री कात्रीनं सूत सोडवायला मला तारेपेक्षा जास्त वेळ लागला. आता एकाच वेढ्याची सवलत मिळावी असं मी सुचवलंय, निर्णय महिला मंडळाकडे आहे.

मेहुणे आले की विषय निघतोच: झाडाला असं आवळून ठेवणं हा छळ नाही का? मी त्यांना जपानातल्या त्या पाइनबद्दल सांगतो. १६२५ पासून कुंडीत आहे. हिरोशिमात होतं, १९४५ च्या बॉम्बमधून वाचलं, १९७६ मध्ये त्याच्या मालकांनी ते अमेरिकेला भेट दिलं आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात उभं आहे. छळानं इतकं आयुष्य मिळत नाही. मेहुणे म्हणतात, "ते जपानी." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझं झाड आमच्या कठड्यातच राहिलं असतं तर गवंड्यानं त्यावर ॲसिड ओतलं असतं, एवढंच म्हणतो.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. पारा ४२ च्या वर गेला की ट्रेमधली माती दुपारपर्यंत खडखडीत होते. सकाळी लवकर आणि उन्हं उतरल्यावर, दोनदा पाणी. पाइपमधलं पहिलं उकळतं पाणी आधी बादलीत सोडून द्यायचं. ट्रे तापलेल्या फरशीवर टेकवायचे नाहीत, खाली विटा किंवा फळी. वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी. बोअरचं पाणी घालाल तर महिन्याभरात बुंध्यावर आणि ट्रेच्या कडेला पांढरी पुटं दिसतील, पाणी जड आहे. नळाचं पाणी राखून ठेवावं.

एवढ्या झाडांचा धनी झाल्यावर घर सोडणं अवघड होतं. पावसाळ्यात चार दिवस गेलो तरी काही बिघडत नाही. हिवाळ्यात शेजारच्या वहिनींना किल्ली देतो. उन्हाळ्यात मात्र कुणावर सोपवत नाही. पुण्याला, नाशिकला लग्न मे महिन्यात असलं तर आमच्याकडून एकच जण जातो.